शेवटच्या रांगेतल्या आम्ही दोघी

टेलिफोन एक्स्चेंजमधली नोकरी संपली, त्या वर्षी मला एका जागी बसवेना. उमेदीची सगळी वर्षं ट्रंक कॉल जोडण्यात गेलेली. लग्न केलं नव्हतं; धरमपेठेत धाकट्या भावाकडे राहायचे. दुपारी भाऊ बँकेत, मुलं शाळेत, वहिनी जरा आडवी झालेली, आणि मी या खोलीतून त्या खोलीत. डबे काढायचे, पुसायचे, परत लावायचे. एकदा तर वहिनीच्या स्वयंपाकघरातली सगळी मांडणीच बदलून टाकली. ती रागावली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही सकाळी जरा फिरायला का जात नाही?"

मला ते लागलं. पण दुसऱ्या दिवशी उजाडताच चपला घातल्या.

जवळच्या मैदानावर निवृत्त मंडळींचा व्यायाम चालायचा. शाळेतून निवृत्त झालेले एक पी.टी. मास्तर समोर उभे राहून हुकूम सोडत. सगळे पुरुष. मी मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारायचे. पाय भरून यायचे, तरी घरी परतावंसं वाटायचं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंची आई गुडघ्यांच्या इलाजासाठी आली होती, नरखेडकडच्या एका खेड्यातून. तिला सगळे आजी म्हणत. एका सकाळी तिने मला फाटकातच गाठलं.

"तू अशी काहून भिरभिरून राह्यली वं बाई? काई हरवलं का तुह्यं?"

"नोकरी संपली, आजी. रिटायर झाले."

"बरं हाय तुह्यं. मले तं कोनी रिटायरच करत नाई." मग मैदानाकडे बघून म्हणाली, "ते बुढे काय करून राह्यले? चाल, आपुनबी करू."

तिला फार वेळ उभं राहवत नसे, म्हणून तिचा बसायचा मोढा, वेताचं बुटकं स्टूल, मी उचलला. आम्ही रांगेच्या मागे जाऊन थांबलो. मास्तरांनी हुकूम थांबवला.

"बाई, हा पुरुषांचा वर्ग आहे. आणि बसून व्यायाम होत नसतो."

मी मोढा परत उचलायला वाकलेच होते. आजी मात्र त्यावर बसून मोकळी झाली. "काहून नाई होत गा मास्तर? मैदान तुमच्या घरचं हाय का?"

पुढच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. मास्तरांनी आमच्याकडे बघायचं सोडून दिलं आणि पुन्हा मोजायला लागले. आम्ही शेवटच्या रांगेत राहिलो.

पंधरवडा झाला असेल. मास्तरांनी हुकूम दिला, "पीछे मुड!" सगळे गर्रकन वळले. आजी मोढ्यावर होती तशीच राहिली. त्यामुळे झालं असं, की सगळ्या पुरुषांचं तोंड आजीकडे आणि पाठ मास्तरांकडे. पुढचा हुकूम यायच्या आत आजीने दोन्ही हात वर केले.

"पाहून काय राह्यले? तोडा, वरचं संत्रं तोडा. पिरगाळा जरासं. आता टोपलीत ठेवा. फेकू नका गा, ठेवा!"

आणि माणसं खरंच संत्री तोडायला लागली. खांदा आखडलेले एक सरकारी वकील होते, त्यांचा हात कानाच्या वर गेला तसे ते स्वतःच चकित झाले. मी वळून उभी होते ती परत आजीकडे फिरले आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

"हा व्यायाम आहे की तमाशा?" मास्तर ओरडले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'पीछे मुड' बंदच करून टाकलं. आजीने विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं केलं.

मैदानाच्या भिंतीवर रोज एक गृहस्थ येऊन बसत. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. ते मास्तरांचे जुने शेजारी. काही दिवसांनी ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "बसून चालत असेल तर मीही येतो."  मास्तर स्वतःच चहाच्या टपरीवरची खुर्ची घेऊन आले. त्यांनी शेजाऱ्याचा लुळा हात मनगटाशी धरला, हळूहळू वर नेला, आणि मोजायला लागले. त्यांचा आवाज मधेच बसला. पुढचे आकडे मी मोजले. त्यानंतर बरेचदा मीच मोजायचे.

व्यायाम झाल्यावर सगळे टपरीवर चहा प्यायचे. आजी आणि मीही जायला लागलो. ते वहिनीच्या कानावर आलं. "ताई, रस्त्यात उभं राहून चहा?" ती म्हणाली. मी म्हटलं, "उभी नव्हते गं, बाकावर बसले होते." ती हसू दाबत आत गेली.

दिवाळी झाली आणि आजी बॅग भरून निघाली. गावी त्यांच्या बागेत संत्र्यांचा तोडा सुरू झाला होता. मुलगा थांब म्हणत होता, डॉक्टरही. तिने ऐकलं नाही. मला पुन्हा डबे पुसायची हुक्की यायला लागली. मैदानावर जायचे, मोजायचे, पण चहाचा पेला हातात घेतला की नजर रस्त्याकडे जायची.

शेवटी एका सकाळी व्यायामाला न जाता नरखेडची एस.टी. पकडली. आजी बागेत सतरंजीवर बसून संत्री निवडत होती. मला वाटलं होतं, उठून गळ्यात पडेल. तिने मान वर करून पाहिलं.

"आली का? बस. बारकी इकडं टाक, मोठी तिकडं."

"गुडघे कसे आहेत?"

"दुखून राह्यले. त्याईले काय काम हाय दुसरं?"

मी पदर खोचून बसले. ऊन डोक्यावर आलं, हातांना सालीचा कडवट वास लागला. परतीची गाडी दुपारची होती. तिची वेळ झाल्याचं आजीच्या गावाकडच्या सुनेने दोनदा सांगितलं. मी होय म्हणाले आणि पुढचा ढीग जवळ ओढला.