दोन राखणदार

दार अर्ध्यावर उचलायचं, हात सोडायचे आणि दोन पावलं मागं सरून बघत राहायचं, ही त्याची पद्धत. दार तिथंच थांबलं तर तो मान हलवायचा. खाली आलं तर म्हणायचा, "हातानं हलकं नसलेलं दार मशीननं हलकं होत न्हाई."

आमच्या कोरगावच्या घरातलं गराज आपोआप उघडावं, असं दुबईतल्या माझ्या मुलाच्या मनात आलं. वर सरकणारं पत्र्याचं दार होतंच, त्याला फक्त मोटर लावायची. म्हापशाचा दुकानदार म्हणाला, "आधी माझा माणूस जागा तयार करील, मशीन मागाहून." तो माणूस म्हणजे हा. बेळगावकडचा, पन्नाशीचा, खिशात खडू.

माझी तीस वर्षं मामलेदार कचेरीत गेली. खोटे दाखले तपासून तपासून माझी नजर अशी झालीय की देवळातला प्रसादही मी उलटासुलटा करून बघतो, असं बायको म्हणते. पण तुम्हीच सांगा, कामाला आलेला माणूस कामापेक्षा घरच जास्त न्याहाळायला लागला तर तुम्हांला काय वाटेल?

पहिलंच वाक्य त्याचं: "ह्या दोन्ही कड्या काढाव्या लागतील."

"मग दार बंद कसं राहणार?"

"मोटर धरून ठेवती. कडी लावलेली ऱ्हायली आन कुणी बटण दाबलं, तर पत्रा वाकतोय."

मग त्यानं छताखाली किती जागा आहे ते मापलं, भिंतीवर खडूच्या फुल्या मारल्या. एक फुली अगदी जमिनीलगत होती. "हितं डोळा बसणार," तो म्हणाला. "दाराखाली काय आलं तर डोळ्याला दिसतंय, दार परत वर जातंय." पुढं विचारलं, "घरातनं हिकडं यायला दुसरी वाट हाय का?"

"कशाला?"

"लाईट गेली तर आत शिरायला नको?"

शिरायला. हा शब्द मी मनात टिपून ठेवला.

"आन दुपारी हितं कोण असतंय?"

असते ती माझी आई. ऐंशी उलटलेली. काजूच्या बिया निवडते आणि मग तिथंच, दार उघडं टाकून, उंबऱ्याला लागून चटईवर आडवी होते. सिमेंट थंड लागतं, वाराही येतो. किती सांगितलं तरी खाटेवर निजत नाही. पण हे मी त्याला का सांगू? म्हटलं, "सगळी असतात. घर भरलेलं असतं."

निघताना त्यानं आवाज खाली आणून विचारलं, "आन साहेब, राखणदार कुठल्या बाजूला?"

आता आमच्या पेडण्यात शेंबड्या पोरालाही कळतं की राखणदार म्हणजे जागा सांभाळणारा, डोळ्यांना न दिसणारा. पण घाटावरच्या माणसाच्या तोंडून ऐकला आणि मला त्यात फक्त वॉचमन दिसला. म्हटलं, आला मुद्द्यावर.

"दोन आहेत," मी ठोकून दिलं. "एक पुढं, एक मागं."

"दोन?" तो माझ्याकडं आदरानं बघायला लागला. "कडक हायत?"

"भयंकर."

"बरं झालं सांगितलंत," असं म्हणून तो गेला.

दुसऱ्या दिवशी प्लगची जागा करून तो दुपारी गेला आणि मी घराभोवती फेरी मारली. पुढच्या कुंपणाच्या दगडी गडग्यावर एक उंडो पाव आणि एक विडी, नीट मांडून ठेवलेली. मागच्या गडग्यावरही तेच. चोरांच्या खुणा, दुसरं काय! मी तडक दुकानदाराला फोन लावला. "तुमचा माणूस माझ्या घराला खुणा करतोय. पुन्हा पाठवलात तर पोलिसांत जाईन."

आई ऐकत होती. तिनं गडग्याकडं बघितलं आणि मला वेड्यात काढलं. "अरे, तेणां राखणदाराक ठेवल्यान ता. दाराचा काम काढलां, त्याची वाट अडता नये म्हणान." मग बोटं मोजत म्हणाली, "पण दोन कित्याक?"

दोन का, ते मी तिला सांगितलं नाही.

फोन तेव्हाच पुन्हा उचलायला हवा होता. नाही उचलला. लोकांच्या चुका त्यांच्याकडून लेखी घेण्यात माझा जन्म गेला. स्वतःची चूक तोंडी सांगायचीही लाज वाटली. म्हटलं, उद्या येईलच, तेव्हा समोरासमोर सांगू.

आला तो दुसराच. त्यानं एक प्रश्न विचारला नाही. तीन तासांत मोटर बसवली, रिमोट हातात दिला आणि गेला. दार छान चालत होतं.

आठ दिवसांनी धीर करून म्हापशाला गेलो. दुकानदाराला राखणदाराचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुमचा फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी काढला हो मी त्याला. पंधरा वर्षं होता माझ्याकडं. गावी गेला असेल, फोन बंद येतो."

"भांडला का?"

"नाही. चोरीबद्दल एक अक्षर नाही. एवढंच म्हणाला, कोरगावच्या घरात डोळा वितीच्या खालीच बसवायला सांगा. उंबऱ्याशी चटई बघितलीय, आजी जमिनीवर निजत असणार." दुकानदारानं नजर चुकवली. "गडबडीत मी नव्या माणसाला सांगायचं विसरलो."

घरी येऊन गराजसमोर उकिडवा बसलो. डोळा माझ्या गुडघ्याइतक्या उंचीवर होता, खडूची फुली खाली तशीच रिकामी. त्याच्या खाली आई निजली होती, तोंडावर पदर घेऊन. आठ दिवस मी आत खोलीत बसून, बाहेर न बघता, रिमोटचं बटण दाबत होतो; ती निजलेली असताना दाबलं गेलं नाही, हे निव्वळ नशीब.

तिला उठवलं नाही. ती जागी होईपर्यंत तिथंच बसून राहिलो.

डोळा दुसऱ्या दिवशी खाली आणून घेतला. दुकानदाराकडून घेतलेला त्या माणसाचा नंबर मात्र मी अजूनही लावून बघतो. बंदच असतो.