अनंत, पुढे काही नाही

दुबईच्या सिलिकॉन ओएसिसमधल्या आमच्या ऑफिसात अनंत रुजू झाला, तेव्हा मी विचारलं, "अनंत, पुढे?" तो म्हणाला, "पुढे काही नाही." कॉलेजात असताना, आडनावावरून जात ओळखतात म्हणून त्याने ते टाकूनच दिलं होतं. पासपोर्टही तसाच, एका शब्दाचा. असल्या पासपोर्टांना इथे बंदी येण्याआधी तो येऊन पोचला होता.

आमच्या मराठी मंडळींना मात्र चैन पडेना. परदेशात आम्ही फार पुढारलेले असतो. जात विचारत नाही, आडनाव विचारतो. गणपतीच्या जेवणात एका काकांनी त्याला तीनदा गाठलं. "म्हणजे मूळचे कुठले?" "दुसऱ्या मजल्यावरचा," असं सांगून अनंताने आणखी एक पोळी मागितली. नंतर मला म्हणाला, "आडनाव विचारणारा निकाल खिशात घेऊनच येतो." मी, देशमुख, ताटातल्या भाताकडे वळलो.

मग त्याला मुलगी झाली. नाव ठरलं मुक्ता. जन्मनोंदणीच्या काउंटरवर मीही सोबत होतो.

"फॅमिली नेम?" तिथल्या मल्याळी बाईंनी विचारलं.

"नहीं है."

"नो फॅमिली?"

"फॅमिली है, मॅडम. नाम नहीं है."

बाई हसल्या नाहीत. "सर, कॉलम खाली रहा तो सिस्टम आगे नहीं जाता."

अनंताने रेघ मारून दिली. अर्ज परत आला. 'अनंत अनंत' लिहून दिलं, तेही परत. मी उदार होऊन माझं आडनाव देऊ केलं. "तुझं तुलाच पुरत नाही," तो म्हणाला. पंधरा दिवस हेच चाललं. दाखल्याशिवाय मुलीचा पासपोर्ट निघेना, आणि तिकडे सांगलीला त्याच्या सासूबाईंच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली. शेवटी त्याची बायको रेखा शांतपणे म्हणाली, "तत्त्व तुमचं आहे, पासपोर्ट तिचा आहे. आणि आई माझी आहे."

अनंत रात्रभर झोपला नसावा. सकाळी काउंटरवर त्याने बाईंना विचारलं, "मग कुठलं नाव चालेल?"

"आपके पासपोर्ट पे जो छपा है."

त्याने शेवटचं पान उघडलं. तिथे आईवडिलांची नावं असतात. वडील गेले तेव्हा तो दोन वर्षांचा होता. पुढचं सगळं आईने वसतिगृहात भाकऱ्या थापून केलेलं. त्याने आईच्या नावावर बोट ठेवलं. बाईंनी साहेबांना विचारून घेतलं, टाइप केलं आणि काम झालं या अर्थाने अरबीत म्हणाल्या, "खलास." मुलगी मुक्ता सोनाबाई झाली.

आमच्या मराठी मंडळात खळबळ माजली. काका दोन दिवस फोनाफोनी करत होते. शेवटी, सोनाबाई हे विदर्भाकडचं आडनाव असावं, असं त्यांनी ठरवून टाकलं.

आता अनंत दुबईत नाही; दोन वर्षांपूर्वी तो पुण्याला परतला. पण नोंदणीच्या त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या त्याने गावी आईला स्पीकरवर लावलेला फोन मी ऐकला आहे. तिला आधी काही समजेना.

"आडनावाच्या जागी माझं नाव? म्हंजे नातीच्या पोरांनी इचारलं तर?"

"तर तुझंच नाव सांगायचं."

म्हातारीने 'मुक्ता सोनाबाई' असं एकदा म्हणून पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजे घराणं माझ्यापासनं चालू झालं म्हण की."

अनंताने फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीबाहेर बघत बसला. पुढचं मीच बोललो.