डोळे मिटायची गुहा

काकूंच्या व्हरांड्यात चहाचा कप हातात घेतला, की पाहुण्याला गुहेची गोष्ट ऐकावीच लागे. त्यातून सुटका नव्हती. तसं बेटावर पाहण्यासारखं बरंच होतं. जुनं दीपगृह होतं, पडका किल्ला होता, पांढऱ्या वाळूचा किनारा होता आणि त्या किनाऱ्यावर शंखांच्या माळा घेऊन मागे लागणारी माणसं होती. पण काकूंच्या लेखी हे सगळं तोंडी लावण्यापुरतं. ताटातलं मुख्य पक्वान्न म्हणजे गुहा.

“दुपारी ओहोटीला जा,” काकू सांगत. “गुहेचं तोंड इतकं बुटकं, की होडीत आडवं व्हावं लागतं. आत शिरायच्या आधीच डोळे मिटायचे. एक हात पाण्यात सोडायचा. आमचे हे सांगतील तेव्हाच उघडायचे, मध्येच चोरून बघायचं नाही हं! आणि उघडलेत, की पाणी असं निळं, जणू खालून कुणी दिवा लावलाय. स्वतःचा हात ओळखू येत नाही.”

हे सांगताना काकू आपला हात पुढे धरून असा उलटसुलट करून बघत, की समोरचा माणूसही नकळत स्वतःच्या हाताकडे बघायला लागे. त्या हाताला साबणाचा वास यायचा. तीन खोल्या भाड्याने द्यायच्या म्हणजे रोज चादरी, रोज अभ्रे, रोज टॉवेल. सबंध बेटावर काकूंच्या चादरींसारख्या पांढऱ्याशुभ्र चादरी कुठे नव्हत्या आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

फक्त एक गोष्ट सांगत नसत. काकूंनी ती गुहा कधीच पाहिलेली नव्हती.

आता यात दोष कुणाचा म्हणाल, तर समुद्राचा. समुद्र शांत असला, की होडीतली जागा न् जागा पाहुण्यांची, आणि घरातल्या तिन्ही खोल्याही गच्च भरलेल्या. समुद्र खवळला, की पाहुणे गायब. मग काकूंना वेळच वेळ, पण तेव्हा गुहेचं तोंड पाण्याखाली. वेळ होता तेव्हा वाट नाही आणि वाट होती तेव्हा वेळ नाही, असं करता करता लेकीचं लग्न झालं, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले.

काकूंचे यजमान होडी चालवत. त्यांना सगळे मौनीबाबा म्हणत. दाढी वगैरे काही नव्हती, पण दिवसभरात या माणसाच्या तोंडून चार वाक्यं बाहेर पडली तर घरात कुणी आजारी आहे असं समजावं. लग्न झालं तेव्हा नव्या नवरीला ते म्हणाले होते, “तुला गुहा दाखवतो.” त्यांच्या मानाने हे भाषणच झालं. त्यानंतर बरीच वर्षं ते दमले असावेत.

त्या सुरुवातीच्या दिवसांत गुहेला कुणी विचारत नव्हतं. लोक जायचे आणि तोंड वाकडं करून परत यायचे. आत काही नाही, नुसता काळोख! रणरणत्या उन्हातून एकदम आत गेल्यावर दुसरं काय दिसणार? डोळे जरा सरावताहेत तोवर होडी बाहेर काढावी लागे, कारण मागची होडी खोळंबलेली असे. एके दुपारी मौनीबाबा पडलेल्या चेहऱ्याने घरी आले. नवी नवरी तेव्हा वाळलेले कपडे घेऊन अंगणातून आत येत होती. कोठीच्या खोलीच्या उंबऱ्यावर ती डोळे मिटून उभी राहिली.

“काय झालं?” त्यांनी घाबरून विचारलं.

“काही नाही. उन्हातून आलं की या खोलीत काही दिसत नाही, पाण्याच्या पिंपावर आदळते मी. म्हणून आधी डोळे मिटून घेते.” आणि मग तिच्या डोक्यात एकदम काहीतरी आलं. “अहो, तुम्ही पाहुण्यांना असंच का सांगत नाही? गुहेत शिरायच्या आधीच डोळे मिटा म्हणावं.”

मौनीबाबांना ते पटलं. अडचण एकच होती. म्हणावं म्हणजे बोलावं लागणार. मग तिनेच त्यांना वाक्यं तयार करून दिली आणि चादरींच्या घड्या घालता घालता, शाळेतल्या मुलाकडून कविता घोकून घ्यावी तशी घोकून घेतली. डोळे मिटा. एक हात पाण्यात सोडा. आता आपण घरात चाललोय. घाई नाही. मी आहे.

शेवटचं ‘मी आहे’ तिने का घातलं, ते तिने कुणाला सांगितलं नाही. नव्या घरात रात्री दिवा मालवला, की तिला काळोखाची भीती वाटायची. तेव्हा कुणी एवढं म्हणावं असं तिला फार वाटायचं.

गुहेचं नशीब त्या महिन्यात फिरलं. बाकीच्या होडीवाल्यांनीही तीच वाक्यं उचलली. आणि काही वर्षांनी तर रंगीत पत्रकात छापून आलं, की गुहेत डोळे मिटून शिरण्याची बेटवासीयांची शेकडो वर्षांची परंपरा आहे. समोर शहाळ्यांची टपरी चालवणाऱ्या थोरल्या जाऊबाईंनी ते मोठ्याने वाचलं आणि धाकट्या जावेला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “वय दिसत नाही गं तुझं!”

या मोसमात मात्र बातमी आली, की होड्या बंद होणार. डोंगराच्या बाजूने पायऱ्या, आत फळ्यांची वाट आणि भिंतींवर विजेचे दिवे. लोकांनी चालत जायचं आणि चालत यायचं. एवढ्या झगझगाटात ते निळं पाणी कसलं दिसतंय, असं होडीवाले आपापसात म्हणाले, पण त्यांना कोण विचारतो? मौनीबाबांना तिकीटखिडकीवर काम मिळणार होतं. दिवसभर बोलायचं काम. देवालाही कधीकधी थट्टा सुचते.

तेव्हापासून ते रोज सकाळी निघताना म्हणत, “चल.”

“आज चादरी आहेत,” काकू म्हणत. दुसऱ्या दिवशी पडदे असत, तिसऱ्या दिवशी उशा उन्हात घालायच्या असत. खरं कारण चादरींत नव्हतं आणि उशांतही नव्हतं, पण ते काकूंनी स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं.

शेवटच्या आठवड्यात एक बाई एकट्याच उतरायला आल्या. डोक्यावर भली मोठी गवती टोपी, स्वभाव गोड, पण पाण्याची आणि अंधाराची मनस्वी धास्ती. तरी गुहा बघायची हौस दांडगी. काकूंची गोष्ट त्यांनी पहिल्या संध्याकाळी ऐकली, दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सांगायला लावली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा हातच धरला.

“काकू, तुम्ही माझ्या शेजारी बसा ना होडीत. तुम्ही असलात की मला धीर येईल. तुम्हाला तर तिथला दगड न् दगड माहीत आहे.”

“मी? अहो, मला मेलीला कुठली सवड? या चादरी बघा ना.”

व्हरांड्याच्या पायरीवर मौनीबाबा दोरीला गाठ मारत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, “तिने कुठे बघितलीय गुहा?”

टोपीवाल्या बाईंना आधी ती थट्टा वाटली. त्या हसल्या. मग काकूंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांचं हसू ओठांवरच विरलं. काकूंनी चादरींची पाटी उचलली आणि मागच्या अंगणात निघून गेल्या.

त्या दिवशी चादरींची धडगत नव्हती. काकूंनी त्या अशा झटकल्या, की झाडावरचे कावळे उडाले. मौनीबाबा मागोमाग आले आणि ओल्या चादरीच्या पलीकडे उभे राहिले. अलीकडून काकूंना फक्त त्यांची पावलं दिसत होती.

“एवढी वर्षं मूग गिळून बसलात,” काकू चादरीला म्हणाल्या, “आणि आज तोंड उघडलंत ते माझी फजिती करायला?”

पावलं जागची हलली नाहीत.

“पाहुणे हसतील आता मला. न बघताच सांगते म्हणतील. खोटारडी म्हणतील.”

“तू येत का नाहीस?” पलीकडून आवाज आला.

काकूंनी चिमटा लावला, काढला, पुन्हा लावला. आणि मग जे इतके दिवस आत अडकलं होतं, ते बाहेर आलं. “भीती वाटते हो मला. मी तिथे गेले आणि ती तशी नसलीच, तर? माझी गुहा आहे ना, ती फार सुंदर आहे. सगळा जन्म या कपड्यांच्या दोरीखाली गेला, पण ती तेवढी माझी होती. तीही गेली तर माझ्याकडे राहिलं काय?”

चादरीतून पाणी ठिबकत होतं.

“तू सांगतेस तशी नाहीच ती,” मौनीबाबा म्हणाले.

काकू चादरीच्या आणखी जवळ सरकल्या. “मग कशी आहे?”

“मला सांगता येत नाही. सांगता आलं असतं तर कधीच सांगितलं असतं.” एवढं बोलून त्यांना धाप लागली असावी, कारण ते क्षणभर थांबले. “म्हणून तर चल म्हणतो. उद्या शेवटची होडी.”

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी टपरी बंद केली आणि पदर खोचून अंगणात येऊन उभ्या राहिल्या. “चादरी मी बघते. तू जा. शेकडो वर्षांची परंपरा आहे, एकदा डोळ्यांखालून घालून तरी ये.”

धक्क्यावर टोपीवाल्या बाई वाट बघत होत्या. काकूंना त्यांच्या नजरेला नजर देववेना. बाईंनीच त्यांचा हात हातात घेतला. “काल रात्रभर मी विचार करत होते काकू. तुम्ही न बघता एवढं सांगितलंत. मी बघून आल्यावर मला त्याच्या निम्मंही सांगता येणार नाही.” काकूंच्या छातीवरचा दगड थोडा सरकला.

होडीत पाहुणे मागच्या बाजूला बसत, वल्हवणाऱ्याकडे तोंड करून. काकू सवयीने त्यांच्यात न बसता पाण्याच्या डब्याजवळ अंग चोरून टेकायला गेल्या. मौनीबाबांनी डबा उचलून बाजूला ठेवला आणि आपल्या शेजारची फळी पुसली. “इथे. पाहुण्यांकडे तोंड करून.” टोपीवाल्या बाई समोरच बसल्या. त्यांनी काकूंचा हात काही सोडला नाही.

होडीत एक नवं जोडपं होतं. एक लठ्ठ गृहस्थ होते, त्यांनी जीवरक्षक जाकिटाचा पट्टा लागत नाही म्हणून धक्क्यावर सगळ्यांशी भांडण काढलं होतं. कातळ जवळ आला. गुहेचं तोंड खरोखरच बुटकं होतं, एवढं तरी बरोबर निघालं. मौनीबाबांनी वल्ही आत घेतली, कातळाला बांधलेली दोरी धरली आणि ती जुनी वाक्यं म्हणायला सुरुवात केली.

“डोळे मिटा. एक हात पाण्यात सोडा.”

काकूंनीही डोळे मिटायला घेतले. तेवढ्यात ते कानाशी म्हणाले, “तू नको मिटूस. त्यांच्याकडे बघ.”

सगळे आडवे झाले. होडी कातळाखालून सरकली आणि ऊन मागे राहिलं. काकूंना आधी काहीच दिसलं नाही, पिंपावर आदळायच्या वेळी दिसत नसे तसंच. मग पाण्यातून हळूहळू उजेड वर यायला लागला. माणसं उठून बसली होती, डोळे मात्र घट्ट मिटलेले.

“आता आपण घरात चाललोय,” मौनीबाबा म्हणत होते. “घाई नाही. मी आहे.”

तो निळा उजेड चेहऱ्यांवर पसरला. जोडप्यातल्या नव्या नवरीच्या कपाळावरची आठी मावळली. भांडखोर गृहस्थांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं, खाऊ मिळणार म्हणून हात पुढे करून थांबलेल्या मुलासारखं. टोपीवाल्या बाईंची बोटं काकूंच्या हातात आधी घट्ट होती, ती ‘मी आहे’ ऐकल्यावर सैल झाली. कुणीही घाबरलेलं नव्हतं. कुणीही कुणाशी भांडत नव्हतं. सगळे विश्वासाने बसले होते, काकूंना कोठीच्या उंबऱ्यावर सुचलेल्या चार शब्दांच्या भरवशावर.

हे मौनीबाबांनी रोज पाहिलं होतं. एवढी वर्षं, दर फेरीला. आणि घरी येऊन हातपाय धुऊन मुकाट जेवले होते, कारण हे सांगायचं कसं ते त्यांना कळत नव्हतं. काकूंना रडू आलं आणि त्यांनी ते येऊ दिलं. सगळ्यांचे डोळे मिटलेले, बघणारं होतंच कोण?

“उघडा,” मौनीबाबा म्हणाले. होडीतून एकच ‘अहाहा’ उठला. गृहस्थ आपला हात पाण्यात उलटसुलट करून बघायला लागले.

“काकू!” टोपीवाल्या बाई ओरडल्याच. “अगदी तशीच आहे हो! तुम्ही सांगितलीत तशीच!”

“असेल,” काकू डोळे पुसत म्हणाल्या. “मी अजून बघायचीय.”

आणि त्यांनी सगळं रीतसर केलं. डोळे मिटले. साबणाने खरखरीत झालेला हात पाण्यात सोडला. पाणी कोमट होतं. मौनीबाबांनी तीच वाक्यं पुन्हा म्हटली, या वेळी अगदी हळू, फक्त काकूंपुरती. आता आपण घरात चाललोय. घाई नाही. मी आहे.

मग ते गप्प झाले. ही शेवटची होडी होती, मागे कुणीच खोळंबलं नव्हतं. काकू वाट बघत राहिल्या. पाहुणेसुद्धा कुजबुजायचे थांबले.

“अहो,” काकूंनी शेवटी विचारलं, “उघडू का आता?”

“थांब जरा,” मौनीबाबा म्हणाले. “बघू दे मला.”