मार्तंडभावजींचं चालतं कपाट

पिंपळगाव मागे पडून कोसभर झाला असेल, तेव्हा मार्तंडभावजींनी आपल्या पिशवीतली चारांपैकी दोन लोखंडी चाकं काढून माझ्या पिशवीत घातली.

"वहिनी, एवढं जरा धरा. खांदा भरून आला."

माझ्या डोक्यावर घटस्थापनेचं कोरं मडकं होतं. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला मी त्या मडक्यासाठीच गेले होते, आणि बाईमाणसानं एकटं जाऊ नये म्हणून सोबतीला हे माझे धाकटे दीर. येताना कारभारी पाटलांची बैलगाडी होती. पण गाडी जुंपली तरी भावजी लोहाराच्या भात्यापुढून उठेनात. कापसाच्या जिनिंगमधल्या मोडक्या ढकलगाडीची चाकं त्या लोहाराकडे होती, ती हातात पडल्याशिवाय हलायचं नाही म्हणाले. गाडी गेली. आता चार कोस पायी, आणि वर हे ओझं.

"एवढी जड कशाला हो?" मी विचारलं.

"कपाट भारी हाय ना! हलकी चाकं दबतील. खंडेनवमीला हत्यारांची पूजा ओसरीवर करून राह्यलो, वहिनी. अंबडहून कचेरीतले लोक बोलावलेत, त्यांच्यातला धर्मराज येणार, सारं गाव येणार. एका बोटानं ढकलीन, अन् कपाट आतून आपल्या पायानं चालत येईल. मंग बघू मला मुन्शी म्हणून कोण हासतं ते."

"आलं तर बरंच आहे."

"आलं तर म्हणजे? बिलकुल येणार!"

डोक्यावर देवीचं मडकं असताना तोंड आवरावं.

गाव त्यांना मुन्शी म्हणे ते चिडवायला. निजामीत ते अंबडच्या कचेरीत खरेच मुन्शी होते. उर्दू अक्षर मोत्यासारखं, ऐट त्याहून मोठी. निजामी गेली, कागद मराठीत लिहायचे आले, आणि या माणसाला 'विनंती'तली वेलांटी कुठली हे ठाऊक नाही. मी वऱ्हाडातली, देऊळगाव राजाची, मराठी सात यत्ता शिकलेली. दोन वर्षं त्यांचे अर्ज मी चुलीपुढे बसून दुरुस्त केले. मग एक दिवस "असल्या कचेरीत आमची कदर न्हाई" म्हणून नोकरी सोडून घरी आले. कदर नव्हती हे खरं. पण कशाची करायची, हेही कोणी सांगावं!

घरी बसल्यावर सुतारकीचं वेड लागलं. जालन्याहून रंधे आले, करवती आल्या, पटाश्या, गिरमिटं, कानशी आल्या. माजघराला लागून असलेली खोली उमानं, म्हणजे माझ्या जावेनं, धान्यासाठी ठेवली होती. कणग्या बाहेर निघाल्या आणि खोलीचं नाव 'कारखाना' पडलं. त्या कारखान्यातून दोन वर्षांत काय बाहेर पडलं म्हणाल, तर भुसा. उमाच्या पोळपाटाचा एक पाय मोडलेला. बिचारी खाली खापरी लावून पोळ्या लाटायची. तिनं एकदा म्हटलं, "तेवढा पाय बसवून द्या की."

"हत्यारं जमिनीवर लोळून राह्यली अन् तुला पोळपाटाचं पडलं? आधी हत्यारांना घर पाहिजे."

म्हणून हे कपाट. सागवानी, छातीइतकं उंच, लांबीरुंदीला सारखं, चारी बाजूंनी खण. चाकांवर फिरवायचं आणि पाहिजे ती बाजू समोर घ्यायची, अशी युक्ती. प्रत्येक खणावर आतल्या हत्याराचं नाव, तेही उर्दूत. गावात ते वाचणारे दोनच, एक मशिदीतले मौलवी आणि दुसरे हे स्वतः. पुन्हा सुटायला नको म्हणून सगळं सरस लावून, वर खिळे ठोकून पक्कं केलेलं.

कडूबा सुताराला त्यांनी कामाला बोलावलं नाही, फक्त त्याचा मापायचा गज मागून आणला. कडूबा म्हणाला होता, "मुन्शीजी, गज माझा नेता, तर दार बी मलाच मापू द्या."

"दार मी मापलंय. अठ्ठावीस, बराबर. कपाट सव्वीसचं करतो, दोनची मोकळीक ठेवून. हिसाब आम्हाला शिकवू नको."

घट बसले. भावजींनी चाकं ठोकली. पहिल्याच दिवशी ती शेणाच्या सारवणात रुतली आणि जमिनीला चर पडले. उमानं पुन्हा सारवलं. पुन्हा चर. तेव्हा त्यांनी कपाटाखालून थेट दारापर्यंत दोन फळ्या टाकल्या, रेल्वेच्या रुळासारख्या, आणि उंबऱ्यापाशी त्यांना चढ दिला. मी म्हटलं, "एकदा दारातून काढून तरी पाहा."

"छे! पहिली चाल मुहूर्तावरच. नवमीच्या आत दार ओलांडायचं न्हाई."

देवाधर्माचं मीही करते. पण मुहूर्त पाहण्याआधी दार पाहावं, एवढं देवीलाही चालत असेल.

नवमीला सकाळी अंघोळ करून, टिळा लावून भावजी कपाटामागे उभे राहिले. एक बोट लावलं. मग हात. मग खांदा. कपाट रुळांवरून डुलत निघालं खरं, आणि उंबऱ्याच्या चढावर चौकटीला असं जाऊन धडकलं की वरून माती पडली.

"उमा, तू वढ! वहिनी, तुम्ही डावीकडून!"

ओढलं, ढकललं, फिरवून दुसरी बाजू लावली. चारी बाजू सारख्याच, कोणती जाणार? दीड-दोन बोटांसाठी सगळं अडलं.

तेवढ्यात कडूबा आला. त्याच्याही घरी हत्यारांची पूजा, आणि त्याला त्याचा गज हवा होता. त्यानं दार पाहिलं, कपाट पाहिलं, आणि कोपऱ्यातली भावजींची कचेरीतली फूटपट्टी उचलून गजाशेजारी धरली.

"दार कशानं मापलं, मुन्शीजी? ह्या पट्टीनं?"

"हो. मंग?"

"अन् कपाट माझ्या गजानं. हा तुमचा इंच, हा आमचा तसू. तसू जवभर मोठा असतो. सव्वीस तसवाला सव्वीस जव वाढले, म्हणजे तुमचे सव्वातीन इंच." त्यानं गज कपाळाला लावला. "दार कचेरीचं, कपाट सुताराचं. कसं जमायचं?"

उमाला हसू आलं. तिनं पदर तोंडाशी धरला, पण खांदे हलायचे ते हललेच.

"मी कोणाला सांगत न्हाई," कडूबा जाता जाता म्हणाला. "पाव्हणे विचारतील तवा तुमचं तुम्हीच सांगा."

कपाट मागे लोटून भावजी बाहेर आले आणि माजघरात खांबाला टेकून बसले. ओसरीवर अंबडची मंडळी येऊन टेकली होती. त्यांच्यातल्या धर्मराजचा मोठा आवाज आत ऐकू येत होता, "अरे मार्तंडराव, कुठं हाय तुमचं चालतं कपाट? का पायात काटा मोडला त्याच्या?" आणि हशा.

मी परात पुढे केली. "हत्यारं यात घालून न्या बाहेर. पूजा हत्यारांची आहे, कपाटाची नाही."

"परातीत? भांड्यांसारखी? लोक काय म्हणतील!"

"जे म्हणायचं ते म्हणतच आहेत."

मी उठून देवीपुढची वात सारली. ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. घटातले अंकुर वीतभर झाले होते. त्यांचं बोट करवतीनं फाटलेलं, त्यावर चिंधी. टिळा घामानं नाकापर्यंत ओघळलेला. मग अगदी हळू, कचेरीत साहेबापुढे बोलत असतील तसं, म्हणाले,

"वहिनी, माझे इतके अर्ज दुरुस्त केले तुम्ही, हा एक करा. बाहेर जाऊन सांगा, की नवरात्रात लोखंडी चाक उंबऱ्यावरून न्यायचं न्हाई म्हणून तुम्हीच मला अडवलं. तुम्ही सांगितलं तर मानतील. तुम्ही खोटं बोलत न्हाई, हे साऱ्या गावाला ठावं हाय."