यंदा किती पाहिल्या?

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसणारच, म्हणून ती अट मी घालत नाही. चहा संपेपर्यंत मधे बोलू नका, एवढंच. माझं जमत आलेलं लग्न मी निव्वळ तोंडानं कसं मोडलं ते सांगतो. आणि एकदा नाही हो, एकाच घरात दोनदा. पहिल्यांदा निदान गैरसमज तरी झाला होता. दुसऱ्यांदा काय झालं होतं, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही.

मी तेव्हा कळंबच्या तहसील कचेरीत नवा कारकून. राज्य निजामाचं, दप्तर उर्दूत. दिवसभर उजवीकडून डावीकडं लिहायचं आणि संध्याकाळी मान सरळ करायला हॉटेलात जाऊन बसायचं. वय तेवीस. पान नाही, तंबाखू नाही, नाद फक्त सिनेमाचा. पण कळंबात सिनेमा कुठला? जत्रेला कधी तंबू यायचा, त्यात ठिगळं लावलेली चार वर्षांपूर्वीची फिलम. मला ताजी लागायची. मग शुक्रवारच्या सुट्टीला पहाटे निघायचं, छोट्या रुळाची गाडी गाठायची आणि बार्शीला उतरायचं. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत, तिथं पक्कं थेटर. जोडून रजा मिळाली की सोलापूर. येताना नाक्यावरचा शिपाई पिशवी उलटी करायचा आणि आतनं गाण्यांची पुस्तकं पडली की माझ्याकडं दयेनं बघायचा.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. चित्रपट, बोलपट असले शब्द आमच्याकडं कुणी तोंडातनं काढत नसे. फिलम म्हणायचं. ती फिलम. आणि नावं काही कुणाला पाठ होत नसत, म्हणून ओळखायची ती आतल्या माणसावरनं. राजाची. डाकूची. नावाड्याची. आंधळ्या गवयाची. "डाकूची पाहिली का?" म्हटलं की आमच्या टोळक्यात कुणी दचकत नसे.

साल संपत आलं की हॉटेलात माझा दरबार भरायचा. सालभरातल्या सगळ्या फिलमांचा निकाल मी एका बैठकीत लावायचो. ते साल लढाईचं, आणि फिलमा एकूण रडक्या. अकरांपैकी सात फिलमांत आई खोकून मेली. दोन फिलमांत तर तीच आई मेली, म्हणजे तीच बाई, तोच खोकला. दोस्त म्हणायचे, तुला कुणी विचारलं नव्हतं. ते खरं आहे. मला कधीच कुणी विचारत नसे. म्हणून तर त्या दिवशी मुरुमला एका माणसानं आपणहून विचारलं, तेव्हा माझं भान सुटलं.

झालं असं. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, माझं लग्न मनावर घेतलं. शिवलिंगअप्पा नावाचे आमचे एक नातेवाईक असली कामं हौसेनं करायचे. त्यांनी मुरुमच्या बसप्पांची मुलगी सुचवली. बसप्पांची तूर-हरभऱ्याची आडत, घर देवाधर्माचं, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. निघायच्या आधी शिवलिंगअप्पांनी मला बाजूला घेतलं. "हे बघ, मुलीचा मामा सिनेमाचा लई शौकीन हाय. त्याच्या शब्दाबाहेर घर न्हाय. त्याला खूश केलंस की काम झालं."

मामा दोन आहेत, हे सांगायचं ते विसरले. शौकीन मामा धाकटा, काशिनाथ. तो त्या दिवशी तापानं अंथरुणात होता. आमच्या समोर येऊन बसला तो थोरला, महालिंगअप्पा. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात पांढरा कोट. या माणसानं आयुष्यात एकही फिलम पाहिलेली नव्हती, हे मला पुढं कळलं.

फोडणी घातलेल्या चुरमुऱ्यांचा सुशीला आला, चहा आला. बसप्पा अण्णांना आणि शिवलिंगअप्पांना घेऊन पुढच्या अंगाला आडत दाखवायला गेले. सोप्यात मी, मामा आणि भिंतीला टेकलेले दोन म्हातारे. दाराआड बांगड्या वाजत होत्या. मी कधी एकदा विषय निघतो याची वाट बघत होतो. मामांनी मिशीवरनं हात फिरवला आणि अगदी सहज विचारलं, "यंदा किती पाहिल्या?"

पाहिल्या. मी मनात म्हटलं, वा, माणूस जाणकार आहे.

"अकरा," मी म्हणालो.

मामांचा हात मिशीवरच राहिला. "एका सालात?"

"गेल्या साली चौदा झाल्या होत्या. यंदा लढाईमुळं कमी आल्या."

"कुठं पाहिल्या म्हणायच्या?"

"आठ बार्शीला, तीन सोलापूरला. आपल्या मुलखात धड एक बघायला मिळत नाही."

भिंतीचे म्हातारे सरसावून बसले. ते रंगले असं मला वाटलं.

"आणि एकबी पसंत पडली न्हाय?" मामांनी विचारलं.

"निम्म्यांतनं तर मी मधेच उठून आलो. थोडा वेळ बघितलं की कळतं हो, पुढं काय वाढून ठेवलंय ते. राजाची पाहिली, नुसता भपका, आत काही नाही. आंधळ्या गवयाची लई रडकी, आणि ऐन वेळेला मुकीच झाली. लोक शिव्या द्यायला लागले."

"शिव शिवा," मामा म्हणाले.

"मलाबी असंच वाईट वाटलं. पण डाकूची मात्र फक्कड. ती मी तीनदा पाहिली."

"डाकूची," मामा सावकाश म्हणाले. "तीनदा."

"तिसऱ्यांदा दोस्तांना संगं नेलं. त्यांनाबी आवडली."

मामांनी बशी खाली ठेवली. "मग ती का सोडली?"

"मी कोण सोडणार? तिचे दिवस भरले, तशी लोकांनी पेटीत घालून लातूरला धाडली."

मामा उठले आणि आत गेले. मला वाटलं, मुलीला घेऊन यायला गेले. दाराआडच्या बांगड्याही थांबल्या होत्या. मी खुशीत राहिलेला सुशीला संपवला, बोटंसुद्धा चाटली. थोड्या वेळानं बसप्पा आले, माझ्याकडं न बघता अण्णांना म्हणाले की मुलीला एकाएकी बरं वाटेनासं झालंय. आम्ही मुलगी न बघताच परत फिरलो. वाटेत अण्णांनी विचारलं, मामाशी काय बोललास? मी म्हटलं, लई छान गप्पा झाल्या.

आठ दिवसांत ही बातमी कळंबात पोचली. मुरुमच्या बाजारात धान्य घ्यायला गेलेले लोक ती घेऊन आले. तहसिलीतल्या कारकुनानं सालात अकरा मुली पाहिल्या, निम्म्या घरांतनं चहा न पिता उठून आला, एका मुक्या पोरीची टिंगल केली. आणि डाकूच्या मुलीचं तर बोलायलाच नको. कचेरीत आमच्या वरच्या पेशकारांनी मला बोलावून चालचलन या विषयावर उर्दूत ऐकवलं. त्यांचं होतंय तोवर पोलीस ठाण्याचे अमीन कामासाठी आले, आणि त्यांनी मला अतिशय अदबीनं विचारलं की तो डाकू सध्या कुठं असतो?

अण्णांना मात्र भलत्याच गोष्टीचा राग आला होता. "अकरा घरी जाऊन पाव्हणचार खाल्लास, आन बापाला खबर न्हाय?"

अण्णांना फिलम म्हणजे काय ते माहीत होतं, पण ती स्त्रीलिंगी असल्यामुळं एवढं रामायण झालं हे त्यांना पटवताना माझा जीव मेटाकुटीला आला. पटल्यावर ते धोतर बदलून आले आणि म्हणाले, चल, मुरुमला. मी म्हटलं, कशाला आता? ते म्हणाले, पोरगी चांगल्या घरची आहे, आणि तुझ्यापायी एका बापाला वाटतंय की त्याचा अपमान झाला.

मुरुमला गेलो तेव्हा धाकटे काशिनाथमामा बरे होऊन सोप्यात बसले होते. कापडाचं दुकान, गोल चेहरा, गळ्यात मफलर. शिवलिंगअप्पांनी चाचरत सुरुवात केली. डाकूची म्हणताच काशिनाथमामांच्या ध्यानात सगळा प्रकार आला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागून पाणी आणावं लागलं. मग त्यांनीच थोरल्या भावाला एकेक उलगडून सांगितलं. राजाची म्हणजे काय, मुकी झाली म्हणजे फिलमेचा आवाज कसा गेला, पेटीत काय घातलं. महालिंगअप्पा सगळं ऐकून घेऊन म्हणाले, मग सरळ फिलम म्हणायला काय झालं होतं? पण त्यांच्या मिशा जरा हलल्या. बसप्पांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं.

मुलगी चहा घेऊन आली. सावळी, तरतरीत. माझ्यासमोर कप ठेवताना तिनं खालचा ओठ दातात धरला होता, हसू दाबायला. मी तेवढ्यात ठरवलं की करीन तर हीच. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. आतनं साखर आली. तिथी कुणाला विचारायची याचं बोलणंही सुरू झालं.

इथं मी उठून गाडीत जाऊन बसायला पाहिजे होतं. कुणीतरी मला उचलून गाडीत टाकायला पाहिजे होतं.

काशिनाथमामा माझ्याजवळ सरकून बसले. म्हणाले, त्या दिवशी मी नव्हतो, आता मला सांगा, नावाड्याची कशी वाटली?

बघा, साखर तोंडात होती. छान वाटली, एवढे दोन शब्द. कचेरीत मी साहेबाला दिवसातनं दहा वेळा तसं म्हणायचो. पण फिलमेचं विचारलं की माझ्या जिभेला लगाम राहत नाही. मी सुरुवात केली. म्हटलं, सालातली सगळ्यात टाकाऊ. भर पुरात होडी आणि नावाड्याचा सदरा कोरडा. पाच गाणी म्हणतो, वल्हं एकदा मारत नाही. काठावर म्हातारी वीस वर्षं वाट बघते, तिचं लुगडं विटत नाही. शिवलिंगअप्पा खोकले. मला वाटलं, सुपारी लागली. अण्णांनी माझ्या मांडीला चिमटा काढला. मी मांडी सरकवली आणि म्हटलं, असली फिलम बघून ज्याला रडू येतं त्याच्या डोक्यात भुसा.

काशिनाथमामा हळू आवाजात म्हणाले, "शेवटाला म्हातारी दिवा घेऊन घाटावर येती, तिथंबी काय वाटलं न्हाय?"

"तिथं तर मला हसू आलं."

मामांनी मफलर काढून त्याची घडी घातली.

"आमची आई यंदाच गेली," ते म्हणाले. "म्या सोलापूरला जाऊन चारदा पाहिली ती."

खरं सांगतो, त्या क्षणी मी ती फिलम पुन्हा पाहून रडायला तयार होतो. मी म्हटलं, तो दिवा तसा चांगला होता. त्यानं आणखी वाईट झालं. मामा उठले, थोरल्या भावाकडं वळले आणि म्हणाले, "दादा, पयल्यांदा तुमीच बरोबर व्हता."

संपलं. बसप्पांनी हात जोडले. या वेळी मुलीच्या तब्येतीचं निमित्तसुद्धा कुणी सांगितलं नाही. निघताना मी एकदा दाराकडं बघितलं. ती तिथं उभी होती. आता तिला हसू येत नव्हतं. मामाच्या हातात पाण्याचा तांब्या देऊन ती आत गेली. पुढं तुळशीच्या लग्नानंतर ढोकीच्या एका मुलाशी तिचं लग्न झालं. त्यानं म्हणे कधी सिनेमा पाहिलाच नव्हता.

परतताना कळंबच्या वेशीत आल्यावर अण्णा म्हणाले, "आईच्या पोटातनं मत घेऊन आला न्हवतास, विसू. नसतं सांगितलं तर काय बिघडलं असतं?"

मी म्हटलं, काही नाही.

पुढच्या साली अण्णांनी मला दुसऱ्या एका घरी नेलं. सोप्यात बसता बसताच त्यांनी तिथल्या मंडळींना सांगून टाकलं की पोराचा घसा बसलाय, वैद्यानं महिनाभर बोलायची मनाई केलीय. मी तासभर नुसती मान हलवत बसलो. मुलीकडच्यांना माझा स्वभाव फार आवडला. इतका शांत जावई मिळत नाही, असं तिची आजी म्हणाली. लग्न जमलं, लागलं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी आम्ही दोघंच परसात बसलो होतो. मी मोठ्या उमेदीनं तिला त्या सालातल्या फिलमा सांगायला घेतल्या. नवी नवरी, सातव्या फिलमेपर्यंत मुकाट्यानं ऐकत होती. मग पदर सारखा करून तिनं अगदी अदबीनं विचारलं, "अहो, तुमचा घसा परत कधी बसंल?"