गराएमास्तरांची होडी कोणी वल्हवली

आमचे हे, म्हणजे ताबी, उभ्या आयुष्यात कुणाशी भांडले नाहीत. त्यांच्या वाटणीचं भांडण मलाच करावं लागलं. अळूचे कंद लावावेत, खोबरं वाळवावं, होडी वल्हवावी, बस्स. पण वल्हवायचे असे, की अख्ख्या अंबाए बेटावर तसा दुसरा नव्हता. म्हणून तर स्वातंत्र्यासाठी बेटोबेटी सभा घेत फिरणारे गराएमास्तर त्यांच्याकडे आले.

आमच्या ह्या बेटांच्या स्वातंत्र्याच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हा इंग्रज नि फ्रेंच, दोघांचं मिळून राज्य, दोन्ही साहेब उरावर बसलेले. समोरच्या माएवो बेटावर सभा होती आणि समुद्र खवळलेला. हे पहाटे मास्तरांना घेऊन निघाले, दुपारी पोचले. मास्तर सबंध वाट होडीच्या तळाशी आडवे, ओकून ओकून अर्धमेले, बूट केळीच्या पानात गुंडाळून पोटाशी धरलेले. तिथे उतरले, तोंड धुतलं, बूट चढवले आणि असं बोलले की सगळं माएवो आपल्या बाजूला आलं. मोठा माणूस, त्यात वादच नाही. हे सगळं ह्यांनी परत आल्यावर मला हसत हसत सांगितलं. तळहातांना फोड आले होते, त्यांना खोबरेल मीच लावलं.

मास्तर वारले आणि माझा भाचा बानी, गिटारवाल्यांच्या मेळ्यातला, त्याने त्यांच्यावर गाणं केलं. 'एकटे मास्तर वादळात, वल्हं त्यांच्या हातात!' दर तीस जुलैला, स्वातंत्र्यदिनी, वाजतं, गाव नाचतं. आणि सगळ्यांत पुढे टाळ्या पिटत कोण? आमचे हे!

"अहो, काही वाटतं का? त्या गाण्यात तुम्ही कुठे आहात?"

"चाल झकास आहे गं."



यंदा ठरलं की धक्क्यावर दगड बसवायचा: 'इथून गराएमास्तर एकटे वल्हवत गेले.' मी तडक गावच्या चीफ वीरांकडे गेले. म्हटलं, ह्यांचं नाव कोरा.

"काकू, मास्तरांवरच्या पुस्तकात 'एकटे' लिहिलंय. डॉक्टर डोरिनबाईंचं पुस्तक आहे, ऑस्ट्रेलियात छापलेलं."

मी शाळेतल्या बाईंकडून ते पुस्तक वाचून घेतलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात आधार दिला होता. कशाचा? बानीच्या गाण्याचा! बानीला धरलं, तर म्हणतो कसा, "मावशी, मी मनाचं कशाला घालू? डोरिनबाईंनी शाळेत भाषण केलं ना, त्यात ऐकलं."

माझं डोकंच फिरलं. बाई ह्याचं ऐकून लिहिते, हा बाईचं ऐकून गातो, आणि ज्याने वल्हं मारलं तो माझ्या घरात कंद सोलत बसलाय! त्याला एकाने विचारू नये?

डोरिनबाई जूनमध्ये आल्या. बाई सरळ आहेत, खोटं का बोला. म्हणाल्या, "ताबींनी स्वतः सांगितलं तर मी पुस्तकात दुरुस्ती करीन." चीफही म्हणाले, "काकांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे, लगेच नाव कोरतो."

मी किसलेल्या कंदांचं, पानात गुंडाळलेलं लापलाप शिजवलं, ह्यांना धुतलेला सदरा घातला. फणसाखाली सगळे बसले, बाईंनी रेकॉर्डर लावला. हे छान बोलायला लागले. पहाट, वारा, खडकावर फुटणारी लाट, सगळं सगळं. मी मनात म्हटलं, आता कसं! आणि हे म्हणाले, "वल्हं मास्तरांच्या हातात. एकटेच होते."

"अहो!" मी ओरडले.

"त्यांना बोलू द्या," बाई म्हणाल्या.

ह्यांनी पुन्हा तेच सांगितलं. गाण्यातलं, शब्दाला शब्द. चीफ खाली मान घालून बसले. बाईंनी रेकॉर्डर बंद केला.

सगळे गेल्यावर मी जी सुटले! "कुणाची भीड पडली तुम्हाला? मास्तरांचं ओकणं झाकायला गेलात? चाळीस वर्षं मी गावाशी भांडते आणि तुम्ही स्वतःच्या हाताने स्वतःला पुसता?"

हे चटईवर बसले होते. घाबरल्यासारखे झाले. "झाकलं नाही गं. लाट दिसते, मास्तर दिसतात, वल्हं त्यांच्याच हातात दिसतं. मी कुठे बसलो होतो?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी जवळ बसून सांगितलं. तुम्ही मागे बसून वल्हवत होतात, मास्तर तळाशी, बूट पानात. दुसऱ्याच कुणाची गोष्ट असावी, तसे ऐकत राहिले.

"तू होतीस होडीत?"

"मी कशी असेन? तुम्हीच तर मला सांगितलंत!"

त्यांनी जरा विचार केला. मग माझी समजूत घालावी तसे म्हणाले, "नाही गं. मी असतो तर मला आठवलं असतं."