दोनशे बारा नंबरची नळी

अनुसयाबाईंना आमच्या कॉलेजात सगळे 'नळ्यावाली बाई' म्हणत. म्हणणाऱ्या एकेकाच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटतं, आणि सुरुवात माझ्यापासून करावी.

उमरेडच्या विणकरांची लेक. नवरा गेला आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या. काम काय, तर काचा धुणं. पण अठ्ठावीस वर्षांत त्या बुरशी अशी ओळखायला शिकल्या की मी सुशील, पीएचडीवाला, तासिकेवरचा मास्तर, मुकाट त्यांच्या मागं उभा राहायचो. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की म्हणायच्या, "सर, धाग्याच्या टोकाले बीजाणूची माळ हाये, पण दाणे लांबट. हिले वेगळ्या खणात ठेवा." घरी माग होता ना. धागा कुठं वळतो ते त्यांना बरोबर दिसायचं.

त्यांचा जीव अडकला होता दोनशे बारा नंबरच्या नळीत. काटोलच्या एका सडक्या संत्र्यावरची ही बुरशी. दर तीन महिन्यांनी बटाट्याच्या रसाच्या ताज्या नळीत लावून त्यांनी ती अकरा वर्षं जगवली. बुरशी दोन तऱ्हेनं वंश वाढवते: एकटीच बीजाणू सोडून, नाहीतर मिलन होऊन फळ धरून. ज्यांचं फळ कोणी पाहिलंच नाही, त्यांना पुस्तकवाल्यांनी 'अपूर्ण बुरशी' म्हणून एका खोक्यात कोंबलंय. फळ दिसलं की घराणं कळतं, पक्कं नाव देता येतं. "आपल्याले दिसलं नाही, त्यात तिचा काय गुन्हा? अपूर्ण काहून म्हणता तिले?" बाई माझ्यावरच डाफरायच्या.

मागच्या दिवाळीनंतर त्या धावतच आल्या. "सर, फळ धरून राहिलं! काळे ठिपके पाहा! महिनाभर कोणी हात लावू नका, कच्चं हाये अजून." एक ठिपका काढून त्यांनी काचपट्टी केली आणि नळी कपाटात जपून ठेवली.

तेवढ्यात मूल्यांकन समिती येणार म्हणून कॉलेजात झाडपूस निघाली. प्राचार्य मार्तंडसर, विषय वाणिज्य, नाकाला रुमाल लावून आमच्या खोलीत शिरले. "काय घाण करून ठेवली ही? समितीला कुठंही बुरशी दिसता कामा नये."

बुरशीच्या प्रयोगशाळेत बुरशी नको! अरे, मग दवाखान्यातून पेशंट हाकला म्हणा की!

बाईंनी हात जोडले. "साहेब, एक नळी तरी राहू द्या." सरांनी नष्ट करायच्या नळ्यांची यादी माझ्यापुढं सरकवली. पुढच्या वर्षीच्या माझ्या तासिका त्यांच्याच हातात. मी, हरामखोरानं, सही केली.

दोनशे चाळीस नळ्या. सरांनी मोजून घेतल्या, एकही मागं राहू नये म्हणून. ऑटोक्लेव्ह म्हणजे आमचा मोठा कुकर. त्यात बाईंनी स्वतःच्या हातानं त्या नळ्या उकळल्या. रिकाम्या कपाटात प्लास्टिकची फुलं आली.

समितीतल्या एक वयस्कर मॅडम नेमक्या बुरशीच्याच अभ्यासक निघाल्या. फुलांकडे बघून म्हणाल्या, "मी तर तुमचा बुरशीसंग्रह पाहायला आले होते." मार्तंडसर नुसते हसत राहिले. निर्लज्ज माणूस! बाईंनी बटव्यातून काचपट्टी काढून पुढं धरली.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकातून बराच वेळ पाहिलं. "अहो, हे तर फळ आहे! कोणत्या बुरशीचं? जिवंत नळी आणा. हिलाच हे फळ धरतं हे दाखवता आलं, तरच नाव देता येईल."

बाईंनी मान वळवली. मला वाटलं, आता मार्तंडसरांचं काही खरं नाही. पण त्या माझ्याकडे पाहत होत्या.

"ह्या सरले विचारा, मॅडम," त्या म्हणाल्या. "सही त्यायची हाये."